पैलवानाची वाकळ

सुईत दोरा ओवण्याआधी भिवा पैलवान मांडीवर शड्डू ठोकायचा. समोर कुणी असो वा नसो. मग एक डोळा मिटून दोरा सुईच्या नाकाशी न्यायचा, आणि तो हमखास चुकायचा. चुकला की पुन्हा शड्डू. बावड्याच्या पेठेत माझं शिंप्याचं दुकान मारुतीच्या पाराला लागूनच होतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मशीन चालवता चालवता मी किती शड्डू ऐकले याचा हिशेब नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. भिवाची कुस्ती केव्हाच सुटली होती. कान मात्र चुरगळलेले, मान बैलासारखी, आणि बोलणं अजून कुस्तीच्या हौद्यातलंच. कुठलीही गोष्ट केली की चारचौघांकडं बघून विचारायचा, "हाय का कुणाची हरकत?" आणि उत्तराची वाट न बघता सांगायचा, "आसंल त्यानं लंगोट लावून यावं!"

असा हा गडी एका सकाळी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "आण्णा, चिंध्या द्या."

"कशाला?"

"वाकळ शिवणार हाय. हौसासाठी."

हौसा त्याची एकुलती एक लेक. लासुर्णे गावातल्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडं लेक सासरी निघाली की आईच्या हातची एक वाकळ तिच्याबरोबर जाते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची, वरून चिंध्यांचे चौकोन लावायचे आणि बारीक टाक्यांनी सगळं एकजीव करायचं. हौसाची आई तर ती नऊ वर्षांची असतानाच गेली होती. अशा वेळी मावशी, चुलती कुणीतरी शिवून देते. भिवाच्या शेजारच्या सरूकाकू स्वतःहून पुढंही आल्या होत्या. भिवा त्यांना म्हणाला, "लेक माझी हाय का तुमची?"

पहिल्या दिवशी तो पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन पारावर बसला. सरूकाकूंनी कपाळावर हात मारला आणि घरातून बारकी सुई आणून दिली. त्या बोटांत ती सुई दिसतच नव्हती. दर दोन टाक्यांनी ती हरवायची आणि सारा पार हुडकायला लागायचा.

मी म्हटलं, "अहो, घरात बसून शिवा. इथं लोक हसतात."

"घरात बसलो तर म्हणत्याल लाजला. हसू द्या की. दात हायत त्यांना."

त्याच्या टाक्यांबद्दल मी बोलू नये, कारण माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. तरीही बोलतो. एक टाका तांदळाएवढा, तर दुसरा अख्ख्या मिरचीएवढा. ओळ पूर्वेला निघायची आणि तिला मध्येच दक्षिणेची आठवण व्हायची. निळ्या खणाशेजारी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, त्याला चिकटून माझ्या दुकानातलं अस्तर. मला बघवेना. एकदा मी म्हणालो, "द्या इकडं, अर्ध्या दिवसात मशीनवर मारून देतो." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं काजं करायला घेतली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. लग्नाची तिथी पक्की करायला हौसाचा सासरा लासुर्ण्याहून बैलगाडीनं आला तो थेट पारावर. व्याही समोर म्हटल्यावर भिवा रामराम करायला ताडकन उठला. त्याच्याबरोबर वाकळही उठली. मांडीवर घेऊन शिवताना गड्यानं स्वतःचं धोतर तिच्यात हातभर शिवून टाकलं होतं!

पारावरच्या म्हाताऱ्यांची हसून पुरेवाट झाली. दुसरा कुणी असता तर मेल्याहून मेला असता. भिवानं वाकळेचं टोक मानकऱ्याच्या शेल्यासारखं खांद्यावर टाकलं आणि व्याह्यांना म्हणाला, "चला घरी. वाकळ शिवतूय लेकीची. हाय का कुणाची हरकत?"

सासरा बिचारा मवाळ. हसून मागोमाग निघाला. पण ही वार्ता लासुर्ण्याला पोचली आणि चार दिवसांत विहिणीचा निरोप आला. बाईमाणसाकडनं शिवून घ्या. बाप्याच्या हातची वाकळ आमच्या घरात येणार नाही, लोक सुनेला हसतील. निरोप ऐकून सगळ्यांना वाटलं, आता तरी हा ऐकेल. भिवानं मात्र त्या दिवशी दुप्पट शिवलं.

लग्न लागलं, जेवणं उठली, पाठवणीची गाडी जुंपली. हौसा रडत रडत गाडीत बसली. भिवानं वाकळ आणून तिच्या शेजारी ठेवली, तशी विहीण पुढं आली.

"ही हितंच ऱ्हाऊ द्या."

"बापानं शिवलीया," भिवा म्हणाला. "हाय का कुणाची हरकत?"

"हाय. माझी हाय."

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला प्रथमच उत्तर मिळालं होतं. आणि बाईमाणसाला लंगोट लावून ये म्हणता येत नाही. भिवा नुसता उभा राहिला. मला त्याच्याकडं बघवेना.

तेवढ्यात हौसानं डोळे पुसले, वाकळ उलगडली, गाडीभर पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. "घ्या काढून, आत्याबाई," ती म्हणाली, "पर माज्यासकट उचला."

पैलवानाची लेक ती. तिला उचलायला कोण धजणार? सासऱ्यानंच हसून कासरा हातात घेतला. गाडी निघाली. विहीण बाई फुगून बसली होती, पण वाकळेवरच बसली होती.

पुढं थंडी पडली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी पैलवानाकडं गेलो, तर तो ओट्यावर उन्हाची वाट बघत बसलेला. अंगावर एक गोणपाट.

"अहो पैलवान, हे काय? घरात वाकळ नाही का?"

"व्हती. गेली."

"कुठं गेली?"

तो म्हणाला, "हौसाच्या आईनं शिवलेली व्हती एक. पार झिजलेली. तशीच धाडली आसती तर तितं पायपुसणं झालं आसतं तिचं. म्हणून आत घातली. चिंध्यांच्या खाली. आत आईची हाय, आण्णा. वरनं निस्ती माझी."

माझी मलाच लाज वाटली. अख्खा उन्हाळा मी त्या टाक्यांना हसलो होतो.

"मग मांडवात हे सांगायचं नाही का? विहिणीचं तोंड तिथंच बंद झालं असतं!"

"आन पोरीचं?" तो म्हणाला. "आई गेल्यापास्नं तीच वाकळ कवटाळून निजायची ती. उंदरांनी कुरतडली म्हणून खोटं सांगितलं मी. आईची हाय म्हणून कळलं आसतं, तर गाडीतनं उतरून माझ्या गळ्यात पडली आसती. मग मला तरी जा म्हणवलं आसतं व्हय?"

"पण तिला कधीच कळायचं नाही?"

"कळंल की." त्यानं गोणपाट मानेपर्यंत ओढून घेतलं. "माझं टाकं काय जलमभर पुरत न्हाईत. दोन-चार थंड्या. वरचं उसवलं की आतली दिसंल. तवर रुळली आसंल तितं. मग किती बी रडली, तरी माघारी न्हाय यायची."