हजेरी क्रमांक एक्केचाळीस

वर्गात मुलं चाळीस होती. एक्केचाळिसावा विद्यार्थी विज्ञानाच्या बाईंनी स्वतः तयार केला.

त्याला कारण होतं. गृहपाठ ऑनलाइन घ्यायला आणि तपासायला तीनपैकी कोणतं ॲप बरं, हे बाईंना सोमवारपर्यंत ठरवायचं होतं. "मोठे सर हो म्हणाले तरच," असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. नाहीतर दर आठवड्याला चाळीस वह्यांची पिशवी पुन्हा बाईंच्या खांद्यावर. आणि मोठे सर, म्हणजे शाळेतले सर्वांत जुने शिक्षक, तीस वर्षं लाल पेन सोडून कशालाच हो म्हणाले नव्हते.

बाईंना तुलना शास्त्रशुद्ध हवी होती. एखाद्याने गृहपाठ दिलाच नाही, तर कोणतं ॲप काय करतं? म्हणून त्यांनी तिन्हीकडे एक खोटा विद्यार्थी घातला. त्याचं काम एकच, काहीही न देणं. पालकाचा नंबर लागत होता, तो स्वतःच्या आईचा टाकला. आईला सांगायचं मात्र राहून गेलं.

पहिलं ॲप गप्प बसलं. दुसऱ्याने आईला एका दुपारी अकरा निरोप पाठवले. उत्तर द्यायची सोय ठेवली नाही. तिसऱ्याने एकच पाठवला : लंबकाचा प्रयोग अजून आलेला नाही, इथे दाबून पाठवा.

आईचा जीव कळवळला. लेकीच्या वर्गातल्या कुणा पोराने चुकून आपला नंबर दिलाय, आता बिचाऱ्याचे गुण जाणार. लेकीला सांगावं तर ती नियमाची पक्की, त्यालाच रागावेल. आईने प्रश्न दोनदा वाचला आणि सुतळी शोधायला उठली.

सोमवारी बाईंनी तिसरं ॲप उघडलं आणि मोठे सर संगणकापुढे बसले, हात मागे बांधून. "मी गुण सांगतो. बटणं तुम्ही दाबा."

चाळीस उत्तरं झाली. सगळ्यांचे आकडे पुस्तकातल्या तक्त्यातले, दशांशासकट. सर जांभया देत होते. मग एक्केचाळिसावं उघडलं आणि बाई पडद्याकडे वाकल्या. ते रिकामं असायला हवं होतं.

"वीस झोक्यांना एकोणचाळीस सेकंद," सर वाचू लागले. "दुसऱ्यांदा एक्केचाळीस. मधे दूध उतू गेलं, म्हणून ही मोजणी धरू नये." ते ताठ बसले. "कुलपाला किल्ल्यांचा जुडगा बांधून वजन वाढवलं, तरी वेळ तोच. खोटं वाटेल, पण मी तीनदा पाहिलं. बाई! याने खरंच प्रयोग केलाय! कोण हा?"

खाली फोटो होता. हिरवा रंग उडालेलं दार, कडीला सुतळी, सुतळीला कुलूप. बाईंनी ते दार ओळखलं. रोज सकाळी त्यातूनच त्या स्वयंपाकघरात शिरत.

"नऊ द्या," सर म्हणाले. "लांबी 'कडीपासून फळीपर्यंत' अशी लिहिलीय. मापात हवी."

बाईंनी नऊ दिले. "सर, हा मुलगा... नाहीच आहे."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. ॲपने आईला गुण कळवले होते. "अगं, त्या पोराचा एक गुण कापलाय!"

"आई, असा कुणी पोरगा नाहीये. तो मी बनवला होता."

"म्हणजे ते नऊ गुण माझे?"

"तुझेच."

"माझे," आई स्वतःशीच म्हणाली. दहावीनंतर कुणी तिचं काही तपासलं नव्हतं. मग आवाज एकदम खणखणीत झाला. "तर मग दहावाही माझाच. इथे 'फेरतपासणी' लिहिलंय. दाबतेय."

पडद्यावर घंटी वाजली. बाईंनी हात पुढे केला, पण सरांनी तो अडवला आणि चष्मा पुसून विनंतीचं कारण मोठ्याने वाचलं :

"घरातली मोजायची टेप बाईंनी शाळेत नेऊन ठेवली आहे."

सरांनी टेबलाचा खण उघडला. टेप तिथेच होती.

"तीस वर्षांत माझ्याशी कुणी पुराव्यानिशी भांडलं नव्हतं," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. "सरका. दहा करायला कुठलं बटण दाबायचं?"