परब मॅडमचे न फुटणारे बुडबुडे

परब मॅडमना पाणी दिलं की त्या आधी पर्समधून हिरवा लेझर काढून ग्लासात मारतात, मग पितात. डिलाईल रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. बहिणीच्या साखरपुड्यात सांगायचं राहिलं आणि व्याह्यांना वाटलं, आम्ही पाण्यात काहीतरी घातलंय.

बाई कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. जीव जडलाय तो पाण्यातल्या बुडबुड्यांवर, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या. लेझरची रेघ पाण्यात उमटली, तर ते असू शकतात म्हणे.

"अरे, बुडबुडा जितका लहान, तितका आतला दाब जास्त. गणिताने तो क्षणात विरघळून संपायला हवा. आणि हे बेटे आठवडेच्या आठवडे टिकतात! का?"

कुणी म्हणतं, त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे. मॅडमचं समाधान होत नाही. जिन्यात गाठ पडली की त्या मलाच विचारतात. मी बँकेत आहे.

मध्यंतरी एक विक्रेता माझ्या आईला 'नॅनो बबल' पाणी देऊ लागला. डायबिटीस जातो म्हणे. आईने गोळ्या बंद केल्या, साखर भडकली, एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी समजावलं, रागावलो. "त्या पाण्यान माका बरा वाटता," एवढंच तिचं उत्तर.

शेवटी तो विक्रेता आलेला असतानाच मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बाटलीत लेझर मारला. आरपार हिरवी रेघ उमटली.

"बुडबुडे असावेत," मॅडम म्हणाल्या. विक्रेता खुलला. "पण त्यांना हिच्या साखरेचं काही पडलेलं नाही. ऊठ, निघ!"

तो गेला आणि आई रडायलाच लागली. "तो दर गुरुवारी तासभर बसायचो. माझ्याशी बोलायचो."

पुढच्या गुरुवारी मॅडम चहाच्या वेळेला हजर. आईला समोर बसवून गोळी घ्यायला लावली आणि तासभर बुडबुड्यांवर बोलल्या. आईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी मधेच तिने विचारलं, "मगे तो फुटाक कसो नाय?" मॅडम अशा खुलल्या, की त्यांचा चहा गार झाला.

काही महिन्यांत आईची साखर आटोक्यात आली. मी म्हटलं, "मॅडम, आता ती स्वतःहून गोळ्या घेते. तुम्ही दर गुरुवारी नाही आलात तरी चालेल."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसत राहिल्या.

"मला नाही रे चालणार," म्हणाल्या.