डावा स्पीकर वाजत नाही

बाबांचा डावा स्पीकर वाजत नव्हता, आणि त्यांच्या ग्रंथपाल लेकीला रविवारी आपल्या नोकरीच्या गावी परत जायचं होतं. त्याआधी तो वाजायला हवा होता. बाबा रोज संध्याकाळी ज्या खोलीत गाणं लावून बसायचे, त्या खोलीत ते गेल्यापासून आई दिवासुद्धा लावत नव्हती. आपण गेल्यावर घरात निदान गाणं तरी पुरतं असावं, एवढाच लेकीचा हट्ट होता.

"राहू दे गं," आई म्हणाली. "एक वाजतोय ना? पुष्कळ झालं."

"म्हणजे अर्धंच गाणं ऐकणार तू?"

आई घाईघाईने भांडी आवरायला गेली. भांडी मघाशीच आवरून झाली होती.

लेकीने वायर दिसत होती तिथपर्यंत तपासली. पुढे स्पीकरचं अवजड खोकं भिंतीला चिकटलेलं होतं, ते तिच्याने हलेना. मग तिला फोनवरचं ते मंडळ आठवलं, ज्याचे किस्से बाबा जेवताना सांगायचे. 'कानसेन मंडळ'. तिथे कुणीच खऱ्या नावाने वावरत नव्हतं, म्हणून तिनेही 'ग्रंथपाल' असं टोपणनाव घेतलं आणि लिहिलं, "नमस्कार. मी या विषयात नवीन आहे. माझा डावा स्पीकर वाजत नाही. कृपया काय तपासावे, ते सांगावे."

उत्तराऐवजी प्रश्न आले. खोली किती लांब? छत सपाट की उतरतं? पडदे जाड की पातळ? बसता कुठे? ऐकता काय? तिने एकेकाचं क्रमवार उत्तर दिलं, स्वल्पविरामांसकट. इथेच माशी शिंकली.

"नवीन माणूस एवढं शुद्ध लिहीत नाही," मंडळाचे प्रमुख 'हेडमास्तर' यांनी जाहीर केलं. "हा जुन्या सामानाचा दलाल असणार. भोळेपणाचं सोंग घेऊन माहिती काढतोय."

"मी बाई आहे," तिने लिहिलं.

"दलालांत बायका नसतात की काय?"

"फोटो टाका," 'दंतवैद्य' या सभासदाने फर्मावलं. "म्हणजे दूध का दूध होईल."

आता संशय घ्यायची पाळी तिची होती. एका स्पीकरपायी या लोकांना आमचे पडदे कशाला बघायचेत? तिने दारं-खिडक्या दिसणार नाहीत अशा बेताने फक्त ॲम्प्लिफायरचा फोटो काढला आणि पाठवला.

त्या ॲम्प्लिफायरवर आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या जागी टूथपेस्टचं लाल टोपण बसवलेलं होतं. असं टोपण जगात एकाच यंत्राला होतं, आणि ते यंत्र होतं 'निवृत्त कान' या जुन्या सभासदाचं. निवृत्त कानांनी तर कित्येक दिवसांत मंडळात अवाक्षर काढलं नव्हतं.

"हे यंत्र तुमच्याकडे कसं आलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"घरातलं आहे."

"कुणाच्या घरातलं?"

तिला तो सूर आवडला नाही. तिने फोन बंद करून ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. बाहेर एक किडकिडीत गृहस्थ आणि एक गोलमटोल गृहस्थ उभे होते. गोलमटोलांच्या हातात टॉर्च होता.

"ग्रंथपाल तुम्हीच का?" किडकिडीत गृहस्थांनी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"आधी आम्ही विचारलंय."

"दार आमचं आहे."

"दार निवृत्त कानांचं आहे! हे दंतवैद्य एकदा त्यांना रेकॉर्ड परत करायला इथवर आले होते. बोलवा त्यांना. ते दिसले की आम्ही निघालो."

"असं कुणी इथे राहत नाही."

"बघा!" हेडमास्तरांनी दंतवैद्यांना कोपराने ढोसलं. "मी काय म्हणत होतो?"

"राहत नाहीत कसे?" दंतवैद्य जवळजवळ ओरडलेच. "ती पेस्टची ट्यूब मी स्वतः दिली होती त्यांना!"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने साखळी काढली.

"माझे बाबा," ती म्हणाली. "ते गेले. गेल्या महिन्यात."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि तसाच हातात धरून राहिले. "आम्हाला वाटलं, रुसलेत," ते म्हणाले. "मी एकदा त्यांच्या कानांवरून थट्टा केली होती."

आत आल्यावर काहीतरी करायला मिळालं म्हणून दंतवैद्यांना हायसं वाटलं. त्यांनी जोर लावून खोकं पुढे ओढलं, मागे गुडघे टेकले, टॉर्च पाडला आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग टॉर्च उचलून वायरीचं टोक जवळून बघू लागले.

"काय झालं?"

"वायर सुटलेली नाही. कुणीतरी मुद्दाम काढलीय. शिवाय टोकाला चिकटपट्टी लावून केसांच्या रिबिनीने बांधून ठेवलीय."

"म्हणजे घरातलंच कुणीतरी," हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बघताय काय? मीच काढली," आई म्हणाली. "घराला रंग दिला तेव्हा खोकं हललं होतं, तेवढ्यात. त्या बाजूला माझी खुर्ची. गाणं सुरू झालं की माझं एक अक्षर त्यांच्या कानात शिरायचं नाही. म्हटलं, एक कान गाण्याला, एक मला."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"त्यांना काय कळतंय! म्हणे कानसेन!"

हेडमास्तर खाकरले. "वहिनी, मंडळात आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता. डावा वाजत नाही. आम्ही त्यांचंही डोकं खाल्लं, पडदे काय, छत काय. मग एक दिवस म्हणाले, कारण सापडलं. म्हटलं, केलात का दुरुस्त? तर म्हणाले, नको. त्या बाजूने मला दुसरं काहीतरी ऐकायचं असतं."

आईने ट्रे खाली ठेवला.

"लबाड," ती म्हणाली. मग म्हणाली, "लावा ती वायर. आता अडवून काय करायचंय."

दंतवैद्यांनी वायर लावली. दोन्ही स्पीकर एकदम बोलू लागले आणि खोली काठोकाठ भरली. दोघा पाहुण्यांनी डोळे मिटले. आई आपल्या खुर्चीत बसली, लेक बाबांच्या. गाणं ऐन रंगात आलं असताना आई काहीतरी बोलली.

"काय?"

आई पुन्हा बोलली.

"ऐकू येत नाहीये गं!"

आई उठली, खोक्यामागे वाकली आणि एका हिसक्यात वायर उपटून परत जागेवर येऊन बसली. दंतवैद्यांचे डोळे खाडकन उघडले. हेडमास्तरांचे मिटलेलेच होते.

"अहाहा," ते मान डोलावत म्हणाले, "आता कसा मोकळा आवाज लागला!"

आई लेकीकडे वळली. "मी म्हणत होते," ती म्हणाली, "रविवारीच जायला हवंय का तुला?"