नऊ नंबरचे केवळराम

धानाच्या मुलखातल्या गोरेगावचे केवळराम पटले शिंपी होते, आणि गिऱ्हाइकाला त्याचं खरं माप तोंडावर सांगायचं नाही, हे त्यांच्या धंद्याचं तत्त्व होतं. कोणाची कंबर तीन इंच वाढली, तरी "कपडा आटला असेल जी" म्हणून ते वेळ मारून नेत. (स्वतःच्या पावलाबाबतही त्यांचं हेच धोरण होतं. पाय होता चार नंबरचा, पण बूट घेत नऊ नंबरचे आणि टोकात चिंध्या कोंबत. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा?)

हे सगळं सुखात चाललं असतं, पण देहरादूनला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीचा, रुचीचा फोन आला. "बाबा, जानेवारीत तुम्ही दोघं या. औलीला जाऊ, बर्फावर स्कीइंग शिकू. बूट तिथं भाड्यानं मिळतात."

"लोकाच्या घामाचे बूट मी नाही घालत," केवळराम म्हणाले. "आपण आपले विकत घेऊ."

विकत घ्यायला हाताशी चार हजार होते. त्यात दोन जोड्या येणं शक्य नव्हतं. तेव्हा एकच जोडी घ्यायची आणि नवराबायकोनं पाळीपाळीनं घालायची, असं ठरलं.

"तुमच्या नऊ नंबरात माझा पाय?" ललिताबाईंनी विचारलं.

"तू दोन मोजे घाल."

ललिताबाई त्यांच्या पायांकडे पाहून हसल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

जवळच्या फुलचूरला भूपेंद्र नावाचा एक माणूस होता. सहा हिवाळे मनालीला काम करून तो परतला होता आणि तिकडच्या दुकानांत न खपलेला माल घरूनच विकायचा. शेजारच्या दुधरामच्या मोटरसायकलवर बसून केवळराम तिथं पोचले. बूट पाहून दोघंही दबकले. गुडघ्याखालपर्यंत येणारं कडक प्लास्टिक, वर लोखंडी कड्या. पायात घालायचे की पेटीसारखं कुलूप लावायचं, ते कळेना.

"काकाजी, जूता उतारो. मोजा भी," भूपेंद्र म्हणाला.

"कायले? नऊ नंबर द्या न."

"इसमें नंबर नहीं चलता, सेंटिमीटर चलता है. पाँव नापना पडेगा."

केवळरामांनी दुधरामकडे पाहिलं. दुधरामला कळणं म्हणजे आठवडी बाजारात दवंडी. "मापाचं मले सांगू नका," ते ताठ्यात म्हणाले, "मी स्वतः शिंपी आहो. नऊ म्हणजे किती होते?"

"अट्ठाईस. पर सुनो, एकच पतला मोजा पहनना. खडे रहो तो उंगली सामने टिके, घुटना मोडो तो एडी पीछे बैठे. अंदर पाँव हिला, तो समझो आदमी गया."

केवळरामांनी पाठ फिरवून पाय आत घातला. एका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या माणसाला अचानक बंगला मिळावा, तसं त्या पावलाला झालं असेल.

"कसा आहे?" दुधरामनं विचारलं.

"टाइट," केवळराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राइस मिलमधून दोन पोती कोंडा आणला. ओट्यावरून अंगणात तिरपी फळी लावली आणि फळीवर कोंडा पसरून उरलेल्याचा खाली ढीग घातला.

"हे काय करून राहिले जी?" ललिताबाईंनी विचारलं.

"बर्फ."

तीन मोजे, त्यावर अस्तराच्या पट्ट्या आणि त्यावर बूट, असा सगळा साज चढवून केवळराम फळीवर उभे राहिले. कंपाउंडवरून दुधराम बघत होता, म्हणून त्यांनी गुडघे जरा जास्तच रुबाबात वाकवले आणि अंग सोडलं. कोंड्यावरून बूट सुर्रकन निघाले आणि फळीच्या टोकाला दोन खिळे वर आले होते, तिथं अडकले. बूट थांबले. केवळराम थांबले नाहीत. दोन्ही बुटांतून मोकळे होऊन ते कोंड्याच्या ढिगात कमरेपर्यंत गेले, तोंडाच्या बाजूनं.

"अबे, बूट तर उभेच आहेत!" दुधराम ओरडला. "माणूस कुठी गेला?"

ललिताबाईंनी धावत येऊन त्यांना बसतं केलं, आणि कुठं लागलं ते पाहायला मोजे काढायला घेतले. एक काढला, दुसरा काढला, पट्ट्या सोडल्या, तिसरा काढला. शेवटी आतून पाऊल निघालं. दुधराम कंपाउंड ओलांडून आला आणि वाकून पाहत राहिला.

"हा पाय होय?"

"थंडीनं आटला असेल जी," केवळराम म्हणाले.

दुधराम पोट धरून हसत निघून गेला. तो बाजाराकडेच गेला असणार.

"मले ठाऊक होतं," ललिताबाई कोंडा झटकत म्हणाल्या. "लग्नात माझ्या धाकट्या बहिणीनं, मंजूनं तुमची मोजडी लपवली होती न, ती घालून ती मांडवभर नाचली. बारा वर्षांची होती. तिच्या पायात बरोबर बसली."

"मग सव्वीस वर्षं बोलली काऊन नाही?"

"तुमी तरी लोकाच्या कंबरेबद्दल कुठी बोलता?"

केवळरामांनी तोंडातला कोंडा थुंकला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी भूपेंद्रच्या माप घ्यायच्या फळीवर त्यांनी मुकाट्यानं पाय ठेवला. तेवीस भरला. ललिताबाईंचाही तेवीसच. तेवीसची एकच जोडी होती, गुलाबी. त्यांनी ती बदलून घेतली.

औलीला पहिली पाळी ललिताबाईंची होती. तासाभरात त्या न पडता उतरायला लागल्या. "आणखी एकच चक्कर जी," असं त्या पाचव्यांदा म्हणाल्या, तेव्हा केवळराम त्यांची पर्स काखेत मारून निमूटपणे भाड्याच्या बुटांच्या खिडकीपाशी गेले. आतल्या माणसानं नंबर विचारलाच नाही. त्यानं बूट काढायला लावले आणि वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"अंकल, बच्चोंवाला काउंटर पीछे है."

केवळराम रागानं लाल झाले आणि तडक परत फिरले.

"उधर आधा रेट है!" मागून आवाज आला.

ते थबकले. मग मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. बुटांवर पिवळं बदक होतं, पण बूट असे बसले की बोटं पुढं टेकली, टाच मागं बसली आणि आत काही म्हणजे काही हललं नाही. आयुष्यात प्रथमच ते चिंध्यांशिवाय ताठ उभे होते. पुढं उभी असलेली एक चिमुरडी वळून त्यांच्या बुटांकडे पाहत होती. मग तिनं मान वर करून मोठ्या आपुलकीनं विचारलं,

"आप कौन सी क्लास में हो?"