दफनविधीचं प्रात्यक्षिक

"प्रेत कोण होणार?" मोठ्या सरांनी विचारलं आणि पहिल्या वर्षाच्या अख्ख्या वर्गाने माना खाली घातल्या.

चर्चचे पाळक घडवणाऱ्या त्या विद्यालयात नवे विद्यार्थी येऊन महिना होत आला होता. आजवर सगळं पुस्तकी चाललेलं. आज पहिलं प्रात्यक्षिक होतं, दफनविधीचं. प्रार्थनागृहात पुढच्या बाजूला दोन स्टुलांवर एक नवीकोरी शवपेटी ठेवली होती. समोरच्या सुताराने ती दुपारपर्यंत उसनी दिली होती, ओरखडा न पाडण्याच्या बोलीवर. एक विद्यार्थी पाळक होऊन मृताच्या विश्वासाचा प्रवास सांगणार, बाकीचे शोकाकुल मंडळी होणार, आणि सर भाषणाला गुण देणार, असा बेत होता. फक्त मरायला कुणी तयार नव्हतं.

"सर, मी एकदा मेलोय," क्रेनवाला म्हणाला. इथे येण्याआधी तो बंदरात क्रेन चालवायचा. "जुना माणूस मेला, नवा जन्मला, असं मागच्याच आठवड्यात तुम्ही शिकवलंत. आता परत मरायचं म्हणजे शास्त्रात बसतं का ते बघा."

"मी आयुष्यभर लोकांना या पेटीपासून लांब ठेवत आले," इस्पितळातली नोकरी सोडून आलेली नर्स म्हणाली. "मी नाही त्यात शिरायची."

निवेदकाचा तर प्रश्नच नव्हता. लग्नसमारंभांत माइक धरून बोलणं हा त्याचा पूर्वीचा धंदा, त्यामुळे भाषण त्याच्याकडे आधीच गेलं होतं, आणि भाषण दुसऱ्याकडे गेलं असतं तरी तो बोललाच असता. सरांची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर थांबली. तिथे इस्त्रीवाला बसला होता.

इस्त्रीवाल्याची अडचण पहिल्याच आठवड्यात उघडी पडली होती. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने उभं राहून आपली साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं बोलावलं ते सांगायचं, अशी तिथली रीत. क्रेनवाल्याने दारूच्या नशेत क्रेनच्या टोकाला लटकताना आवाज ऐकला होता. नर्सच्या डोळ्यांदेखत एक गेलेला माणूस परत आला होता. निवेदकाचा आवाज ऐन लग्नसराईत बसला, त्याने नवस केला, आवाज आला, तो अजून थांबला नव्हता. मग इस्त्रीवाला उठला. "मला यावंसं वाटलं," तो म्हणाला. सरांनी वाट पाहिली. "आणि?" "आणि आलो." सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि "बसा" म्हणाले.

वाईट हे की त्याला मनापासून तिथेच राहायचं होतं. का, ते मात्र त्याला कुणी मारलं असतं तरी सांगता आलं नसतं. घरी त्याला वाढवणारी आत्या होती आणि आत्याची लाँड्री होती. आत्या दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, पण पाळक हा आठवड्यातून एक दिवस काम करणारा माणूस असतो असं तिचं पक्कं मत होतं. "एक महिना देते," तिने बजावलं होतं. "खूळ उतरलं तर ठीक. नाही तर मी येते, तुझ्या सरांना विचारते, पोरात काही आहे का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली की कपडे भर नि चल." ती उद्या यायची होती. सर मान कुठल्या दिशेने हलवणार याबद्दल इस्त्रीवाल्याला फारशी आशा नव्हती. म्हणून सरांनी "तुम्ही?" असं विचारताच तो पटकन उठला. निदान मरून तरी सरांच्या डोळ्यांत भरावं, असा त्याचा विचार.

पेटी सुताराने भलत्याच बारीक गिऱ्हाइकाच्या मापाने केलेली. इस्त्रीवाल्याला तिरका करून, खांदे दाबून, क्रेनवाल्याने आत बसवला. बसला तो असा बसला की दोन्ही कोपरं लाकडात रुतली. तळाला लाकडाचा भुसा तसाच होता. नर्सने सवयीने त्याच्या तोंडावर पांढरी चादर ओढली.

"आता कुणीही भूमिका सोडायची नाही," सर म्हणाले. "काहीही झालं तरी. खऱ्या दफनविधीत मधे थांबून हसता येत नाही."

निवेदकाने घसा साफ केला आणि सुरुवात केली. त्याच वेळी बाहेर फाटकाशी रिक्षा थांबली. आत्याला एक दिवसही धीर निघाला नव्हता. तिने फाटकावरच्या माणसाला विचारलं, सगळे कुठे आहेत. "दफनविधी चाललाय, आत जाऊन बसा," तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही, थोडं कमी बोलला एवढंच.

चादरीखाली इस्त्रीवाल्याला आधी चपलांचा आवाज आला. मग शेवटच्या बाकावर कुणीतरी टेकलं, पिशवी खाली ठेवली, आणि लहानपणापासून ओळखीच्या आवाजात हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

त्याची पाचावर धारण बसली.

"इथलाच एक विद्यार्थी," नर्स म्हणाली. सरांचा हुकूम होता, भूमिका सोडायची नाही.

"अगं बाई. आजारी होता?"

नर्सने याची तयारी केली नव्हती. "अचानक झालं," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

इस्त्रीवाल्याने उठायचा प्रयत्न केला. कोपरं हललीसुद्धा नाहीत. ओरडावं तर पेटीतून प्रेताने "आत्या" अशी हाक मारल्यावर तिचं काय होईल, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. न ओरडावं तर पुढे काय, तेही कळेना. शेवटी त्याने श्वास रोखला आणि आत्या दुसऱ्याच कुणाला तरी शोधायला आली असावी अशी प्रार्थना केली. तिथल्या महिन्याभरातली ती त्याची सर्वांत कळकळीची प्रार्थना होती.

इकडे निवेदक रंगात आला होता. मृताच्या विश्वासाचा प्रवास सांगायचा, तर या मृताचा प्रवास "यावंसं वाटलं आणि आलो" एवढाच. त्यावर गुण कोण देणार. म्हणून त्याने वर्गातल्या बाकीच्या साक्षी घेतल्या आणि हव्या तिथे जोडून दिल्या.

"बालपणीच आईबाप गेले," तो म्हणाला. "नशिबी आली एक आत्या. आत्या कसली, कैदाशीण. पोराला उपाशी ठेवायची. थंडीवाऱ्यात दाराबाहेर झोपवायची."

"च्च," शेवटच्या बाकावरून आवाज आला. "काय बायका असतात एकेक."

"त्या छळाला कंटाळून त्याने दारू जवळ केली."

"दारू माझी आहे," क्रेनवाला दबक्या आवाजात म्हणाला.

"दारूतून जुगार," निवेदक आवाज चढवून म्हणाला, "जुगारातून तुरुंग."

तुरुंग कुणाकडून घेतला ते इस्त्रीवाल्याला आठवेना. वर्गात तुरुंगात गेलेलं कुणी नव्हतं. मागून नाक शिंकरल्याचा आवाज आला. आत्या रडत होती. कुणाचाही दफनविधी असो, ती मन लावून रडायची.

"पण प्रभूचा हात तोकडा नसतो," निवेदकाने डोळे मिटले. "एका संध्याकाळी, त्याच आत्याच्या लाँड्रीत, गरम इस्त्री हातात असताना..."

रडणं थांबलं. "लाँड्रीत?" आत्या म्हणाली. "कुठल्या लाँड्रीत?"

"त्याच्या आत्याची लाँड्री होती ना," नर्स म्हणाली. "म्हणून तर आम्ही त्याला इस्त्रीवाला म्हणायचो."

यानंतर जी शांतता पसरली ती इस्त्रीवाल्याने लहानपणी दोनदाच अनुभवली होती. आता मात्र काही झालं तरी तिला सांगायलाच हवं होतं. त्याने ओरडण्यासाठी छाती भरून श्वास घेतला, श्वासाबरोबर भुसा नाकात गेला, आणि प्रेत शिंकलं. एकदा, दोनदा, आणि मग "आई गं" म्हणून कण्हलं.

निवेदकाने डोळे उघडले. सरांनी मिटले.

"ही शिंक माझ्या घरातली आहे," आत्या म्हणाली.

चपला फटाफट वाजत पुढे आल्या आणि चादर ओढली गेली. वर आत्याचा चेहरा होता, पांढराफटक. तिने एक हात त्याच्या कपाळावर ठेवला, गरम लागतंय याची खात्री केली, आणि मग त्याच हाताने टपली मारली.

"उठ, मेल्या."

"उठता येत नाही, आत्या. अडकलोय."

"मेलायस की अडकलायस, एक काय ते ठरव."

"अडकलोय."

सर लगबगीने पुढे आले. हे प्रात्यक्षिक आहे, नवे विद्यार्थी दफनविधी शिकताहेत, तुम्हाला नाहक मनस्ताप झाला, असं सगळं त्यांनी सांगितलं. आत्या ऐकत होती आणि हातातली चादर कोपऱ्याला कोपरा लावून घडी करत होती. एक सुरकुती दिसली, ती तळहाताने दाबून तिने घडी सरळ केली.

"शिकतायत ना, शिकू दे," ती म्हणाली. "मरण शिकायची वस्तू असेल तर शिका. पण कैदाशीण कोण?"

निवेदकाने दोन पावलं मागे घेतली. "ती काल्पनिक आत्या होती, मावशी. भाषण उठावदार व्हावं म्हणून."

"आणि दारू? सोडा प्यायला तरी ढेकर देऊन दमतो हा. जुगार? पत्त्यांत मला जिंकता यावं म्हणून मुद्दाम हरतो, ते मला कळत नाही असं वाटतं याला. मेलेल्या माणसाबद्दल काय वाट्टेल ते बोलता? सर, मी बोलू का?"

"नातेवाइकांनी दोन शब्द बोलायची रीत आहेच," सर म्हणाले आणि पहिल्या बाकावर बसले. मंडळीही बसली. इस्त्रीवाल्याला बाहेर काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आत्या पेटीशेजारी उभी राहिली. "हा मुलगा कामाला शून्य," तिने सुरुवात केली. "याच्या हाताने जितक्या पँटी जळाल्या तितक्या आगीत जळाल्या नसतील. कारण काय, तर गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा ऐकत बसतो. इस्त्री खाली, लक्ष त्याच्या तोंडाकडे. एक म्हातारे गृहस्थ, बायको गेलेली. रोज तोच सदरा घेऊन यायचे. धुतलेला, इस्त्री केलेला. मी म्हटलं, अहो, याला काय करायचंय? तर म्हणाले, काही नाही, तो आहे का आत? आणि हा काउंटरवर कोपरं टेकून तासभर त्यांच्या बायकोच्या गोष्टी ऐकायचा. रोज त्याच गोष्टी. एकदा कधी म्हणाला नाही, की हे काल सांगितलंत. मी याला शंभरदा सांगितलं, ऐक तरी, नाही तर इस्त्री तरी कर."

तिने नाक पुसलं. "आता हा इकडे आल्यापासून लोक दुकानात डोकावतात, तो कुठाय विचारतात, आणि कपडे न टाकताच जातात. म्हणून न्यायला आले. म्हणजे, दुकानासाठी असं मी सगळ्यांना सांगितलं. घरात मला तरी बोलायला कोण आहे? आणि आत्ता त्या बाई म्हणाल्या, इस्त्रीवाला, तेव्हा मला वाटलं, आता सगळंच संपलं." एवढं बोलून तिने पेटीच्या कडेला घट्ट धरलं.

क्रेनवाला उघड रडत होता. पेटीत इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी निघून दोन्ही कानांत शिरत होतं आणि कोपरं अडकल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं.

जरा वेळाने आत्याने कंबर ताठ केली. "बरं, सर. मी विचारायला आले होते. पोरात काही आहे का? सरळ सांगा. मी दोघांची परतीची गाडी ठरवूनच आलेय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आधी निवेदकाकडे वळले. "भाषण. आवाज उत्तम, माहिती संपूर्ण चुकीची. नापास." मग ते पेटीकडे वळले. "प्रेत. शिंकलं, बोललं, शेवटी रडलं. तेही नापास."

"नापास?" आत्या म्हणाली.

"नाइलाज आहे. याला हा विषय पुन्हा घ्यावा लागेल. हवं तर आज घेऊन जा तुम्ही, पण जाईल तो नापास म्हणूनच."

आत्याने पेटीत पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा पेटीत पाहिलं. तिच्या मनात गल्लीतली एकेक खिडकी उघडून शेजारणी डोकावत असाव्यात. "आणि मी घरी जाऊन काय सांगू?" ती इस्त्रीवाल्यावर कडाडली. "याला मेल्यासारखं पडून राहायलाही जमलं नाही म्हणून? एवढं एक काम होतं, त्यात हातपायसुद्धा हलवायचे नव्हते. ते काही नाही. पास झाल्याशिवाय घराची पायरी चढायची नाही. सर, याला सोडू नका. चांगला रगडून घ्या."

"बघतो," सर म्हणाले.

"बरं, आत्या," पेटीतून आवाज आला.

तिने पिशवीतून त्याच्यासाठी आणलेले इस्त्रीचे शर्ट काढून त्याच्या पायांवर ठेवले, निवेदकाकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि ती गाडी गाठायला निघाली. रिक्षाचा आवाज लांब गेला. मग नर्स हळूच सरांजवळ गेली.

"सर, प्रेताला गुण कधीपासून द्यायला लागलो आपण?"

"आजपासून," सर म्हणाले. "धरा त्याचे पाय, बाहेर काढू."