पायी आलेल्याचा मान

करेमटोल्याला बस येत नाही, ही गोष्ट सरकारला तत्त्वतः मान्य होती. मुलचेऱ्याहून सुटणारी बस फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली थांबते, तिथंच वळते आणि आल्या वाटेनं परत जाते. फाट्यापासून गावापर्यंतचा दीड कोसाचा रस्ता जंगलातून जातो, आणि त्या रस्त्यावर सकाळच्या वेळी अस्वलं असतात. अस्वलांची बसबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार इतवारी मडावीची होती. त्याची मुलगी रंजीता मुलचेऱ्याच्या शाळेत नववीत होती. तिच्या बरोबरीच्या मुलींनी त्या रस्त्यापायी शाळा सोडली होती, त्यामुळे आता ती एकटीच उरली होती. इतवारी तिला सकाळी फाट्यावर सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. धानाची कापणी सुरू झाली की हे जमणार नाही, आणि मग शाळा सुटेल, हे त्यालाही माहीत होतं आणि रंजीतालाही.

म्हणून ग्रामसभेनं बससाठी अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि शेवटी दुर्गम क्षेत्र सुलभ प्रवास समितीपुढे येऊन थांबला. समितीचा विषय दुर्गम भागांचा असल्यामुळे तिची सुनावणी पुण्यात ठेवण्यात आली होती, कारण दुर्गम भागात पोचणं सदस्यांना अवघड जात होतं. अर्जदारानं स्वतः हजर राहावं, जो येणार नाही त्याला बसची गरज नाही असं समजण्यात येईल, असा निरोप आला. सुनावणीची जागा शहराच्या पार बाहेर, बायपासच्या पलीकडे होती. तिथं कसं पोचायचं याबद्दल एवढंच कळवलं होतं, की प्रशस्त वाहनतळ उपलब्ध आहे.

इतवारीनं जावं हे तर ठरलंच. प्रश्न होता, पुण्यात राहावं कुठं? करेमटोल्यात कुठलीही गोष्ट सगळ्यांच्या होकाराशिवाय ठरत नाही, त्यामुळे ज्यांनी पुणं पाहिलं नव्हतं त्यांचीही मतं घ्यावी लागली, आणि तीच जास्त ठाम होती. लच्छू एकदा बांधकामाच्या कामावर पुण्याला जाऊन आला होता. त्याचं म्हणणं पडलं, की स्टेशनजवळ लॉज स्वस्त आहेत, पण तिथून बायपास म्हणजे दुसरा तालुकाच. शेवटी गावातले सर्वांत वयस्क वारलूभाऊ बोलले.

"मोह येचाले गेलो का आपण कुठी झोपतो? झाडाखालीच ना? मंग बैठक जिथी आहे, तिथीच याले झोपू द्या."

यावर कुणाला हरकत घेता येईना. इतवारीनं समितीच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. सुनावणीची जागा कुठूनही दहा मिनिटांवर आहे, असं त्यांनी सांगितलं. स्टेशनपासून? दहा मिनिटं. बसस्टँडवरून? दहाच. इतवारीनं आपल्याकडे गाडी नसल्याचं सांगितलं, तेव्हा बाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी काळजीनं विचारलं, की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी समितीच्या शेजारचं हॉटेल सुचवलं. त्याचं नाव अरण्य होतं, आणि इतवारीला ते शुभ वाटलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी इतवारी पुण्यात उतरला आणि विचारत विचारत संध्याकाळच्या आत अरण्यच्या फाटकापाशी पोचला. फाटकाला आडवा दांडा होता. गाडी आली, की एक यंत्र तिच्या नंबरची पाटी वाचायचं, दांडा वर जायचा आणि एक चिठ्ठी बाहेर यायची. ती चिठ्ठी दाखवली की आत खोली मिळायची. आजूबाजूला प्लॅस्टिकचे बांबू लावले होते आणि ध्वनिक्षेपकातून जंगलाचे आवाज येत होते. त्यातला एक आवाज वाघ पाहिलेल्या चितळाचा होता. इतवारीनं सवयीनं मागं वळून पाहिलं. आत लोक भजी खात होते.

फाटकावरच्या माणसानं गाडी कुठं आहे म्हणून विचारलं. मागून येतेय का, असंही विचारलं. तो वाईट नव्हता. त्यानं इतवारीला यंत्रापुढे उभं करून पाहिलं, डावीकडून आणि उजवीकडूनही, पण दांडा हलला नाही.

"काका, तुम्हाला नंबर नाही," तो म्हणाला. "मी आत सोडेन हो, पण तुम्ही आलात हे सिस्टमला कळणार नाही. मग तुम्हाला बाहेर कसं काढणार?"

इतवारीला हे पटलं. जिथून बाहेर पडता येणार नाही तिथं शिरू नये, हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं.

आता उरला सुनिल. सुनिल शेजारच्या गावचा, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या सोसायटीत वॉचमन होता. इतवारी त्याच्याकडे पोचला तेव्हा सुनिलला आनंद झाला आणि लगेच घामही फुटला. वॉचमनच्या खोलीत पाहुणा ठेवायचा नाही, असा सोसायटीचा नियम होता. पण पाहुण्याचं वाहन मात्र रात्रभर ठेवता येत होतं. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब परदेशात होतं, आणि त्यांची पार्किंगची जागा रिकामी होती. सुनिलनं बराच विचार केला आणि इतवारीची नोंद पाहुण्यांची दुचाकी अशी केली.

"तुले दोन पाय हायेत ना," तो म्हणाला. "मंग खोटं काऊन होईन?"

जागा झकास होती. वर छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, रात्रभर दिवा, आणि राखणीला कॅमेरा. करेमटोल्याच्या चौथीपर्यंतच्या शाळेला यातलं काहीच नव्हतं. शेजारची गाडी अंगभर गोधडी पांघरून झोपली होती. एवढ्या मोठ्या शहरात मुक्कामाची सोय नाही असं कोण म्हणेल? सोय होती, फक्त ती माणसांच्या नावावर नव्हती. पहाटे सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. त्यांनी इतवारीकडे पाहिलं, नोंद पाहिली, आणि सुनिलला कडक शब्दांत समज दिली, की दुचाकीचा पुढचा भाग पांढऱ्या पट्ट्याबाहेर आला आहे. इतवारीनं पाय आत घेतले. त्यांची दुसरी काही हरकत नव्हती.

मग तो उठून चालायला लागला. सुनिल रिक्षा करून देतो म्हणत होता, पण इतवारीला त्याचा खर्च नको होता, आणि खरं सांगायचं तर प्रवासात बसूनबसून त्याचे पाय आखडले होते. फुटपाथ होता तिथं गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे तो रस्त्यावरून चालला. रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवून त्याला फुटपाथवर जायला सांगत होत्या. बायपास ओलांडायला पूल होता. पुलाचा जिना जिथं उतरायचा तिथं शोरूम झालं होतं, आणि जिना थेट नव्या गाड्यांच्या मधोमध उतरत होता. तिथल्या मुलीनं त्याला नमस्कार करून कुठलं मॉडेल पाहायचं म्हणून विचारलं. तो नमस्कार करून बाहेर पडला, आणि सुनावणीच्या दालनात वेळेच्या आधी जाऊन बसला.

समिती वेळेवर आली नाही, कारण ती गाड्यांतून येत होती. सदस्य आले तेव्हा घामाघूम झाले होते. अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली आणि शहराच्या वाहतुकीबद्दल चिंताही व्यक्त केली. मग कामकाज सुरू झालं.

पहिलं नाव पुकारलं, तो अर्जदार आलेला नव्हता. गरज नाही, अशी नोंद झाली. दुसरे होते राजुऱ्याकडच्या एका गावचे सरपंच. ते गावकऱ्यांच्या वर्गणीतून भाड्याची जीप करून आले होते. गावात वाहनाची सोय आहे, गरज नाही, अशी नोंद झाली. सरपंच काही बोलणार होते, पण जीपवाल्याला घाई होती. मग इतवारीचं नाव आलं.

"आपण कसे आलात?" अध्यक्षांनी विचारलं.

इथं करेमटोल्याची एक रीत सांगायला हवी. गावात पाहुणा आला, की पहिला प्रश्न हाच असतो. तो गाडीनं आला असेल तर त्याला बसायला देतात. पायी आला असेल तर आधी पाय धुवायला लोटाभर पाणी देतात, मग खाट टाकतात, आणि नाव, गाव, काम हे सगळं त्यानंतर. पायी आलेल्याचा शब्द खाली पडू देत नाहीत, कारण गरज खरी असल्याशिवाय कुणी तेवढं चालत नाही. म्हणून अध्यक्षांनी हा प्रश्न विचारला तेव्हा इतवारीचा जीव भांड्यात पडला. पुण्यातही हेच विचारतात म्हणजे आपलं काम झालं, असं त्याला वाटलं. त्यानं ताठ उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "पायी."

सदस्यांनी खात्री करून घेतली. पूर्ण पायी? पूर्ण. शहराच्या त्या टोकापासून? हो. सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं, आणि ते घड्याळ कुणावरच खूश नव्हतं. अध्यक्ष तर भारावून गेले. ज्या शहरात आपल्याला गाडीनं वेळेवर येता येत नाही तिथं हा माणूस चालत वेळेच्या आधी येतो, त्याला गावच्या शांत, सावलीच्या, प्रदूषणमुक्त रस्त्यावर बस कशाला लागते, असं त्यांनी सदस्यांना विचारलं. सदस्यांना हा प्रश्न बिनतोड वाटला.

"मी चाललो सायेब, मले जमते," इतवारी म्हणाला. "पण पोरगी कशी जाईन? अस्वल रायते तिथी."

"वय काय मुलीचं?"

"चौदा."

"मग ती तुमच्यापेक्षा चांगली चालेल," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले.

इतवारीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण पायी आलो ही गोष्ट आजवर त्यानं कुणापासून लपवली नव्हती. आज लपवायला हवी होती, हे त्याला कळलं तेव्हा नोंद होऊन गेली होती. रस्ता बससाठी अरुंद पण चालण्यासाठी आदर्श असल्याचा निष्कर्ष निघाला आणि करेमटोल्याला आदर्श पादचारी ग्राम म्हणून घोषित करण्यात आलं. इतवारीला शाल, श्रीफळ आणि पावलं मोजणारं घड्याळ मिळालं. गावी परतल्यावर वारलूभाऊंनी ते बैलाच्या गळ्यात बांधून पाहिलं. बैलाची प्रकृती उत्तम निघाली.

महिन्याभरात फाट्यावर मोठा फलक लागला. त्यावर डोंगर, सूर्य आणि चालणारं एक हसरं कुटुंब होतं. सुट्टीच्या दिवशी चंद्रपूर-नागपूरकडून गाड्या येऊ लागल्या आणि नंतर सुट्टी नसतानाही येऊ लागल्या. लोक मोहाच्या झाडाखाली गाडी लावायचे आणि पांढरे बूट घालून करेमटोल्याकडे चालायला लागायचे. बस वळायची ती जागा हीच. बसला वळता येईना, म्हणून थांबा मागं, मोठ्या रस्त्यावर नेण्यात आला. गावाचा पायी रस्ता त्यामुळे दुपटीनं वाढला, आणि समितीनं या प्रगतीबद्दल अभिनंदन कळवलं.

मग धान कापणीला आलं. रंजीताची शाळा सुटली. तिची आई रंभा दोन दिवस जेवली नाही, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे. पण रीत ती रीत. पायी येणाऱ्याला पाणी दिलंच पाहिजे, आणि येणारे तर आता रोज पायीच येत होते. लोटा घेऊन उभं राहण्याचं काम रंजीताकडे आलं. समितीच्या अहवालात त्याला स्थानिक रोजगारनिर्मिती असं म्हटलं आहे.

गेल्या थंडीत तुम्हीही आला होता. आठवत असेल. वाटेतल्या हॉटेलची खोली तुम्ही पार्किंग पाहूनच घेतली होती. गाडी तुम्ही मोहाखालीच लावली, जंगलातून चालत आलात, आणि हवा काय छान आहे म्हणालात, ते खरंच होतं. रंजीतानं पाय धुवायला पाणी पुढे केलं, तेव्हा तुम्ही आधी तिचा फोटो काढला. मग कितवीत आहेस विचारलंत. नववीत होती, असं ती म्हणाली. होती म्हणजे?

"बस दूर गेली," ती म्हणाली.

तुम्हाला वाईट वाटलं. या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही, असं तुम्ही बरोबरच्यांना हळूच म्हणालात, आणि मग तिला समजावलंत, "अगं, एवढा सुंदर रस्ता आहे. चालत जायचं!"

तेवढ्यात तुमचे पाय भरून आले, म्हणून तुम्ही ड्रायव्हरला फोन केला. बससाठी अरुंद असलेल्या त्या रस्त्यानं गाडी थेट खाटेपर्यंत आली. ती वळावी म्हणून इतवारीनं खाट उचलून बाजूला घेतली. ड्रायव्हरनं लोट्यातलं पाणी काचेवर ओतून धूळ धुतली. त्या दिवशी सोमवार होता, शाळा भरायला अजून वेळ होता, तुम्ही शाळेवरूनच जाणार होता, आणि मागची सीट रिकामी होती.