वाशीचं बंदर

गफूरसाहेबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण मराठवाड्यातल्या आमच्या वाशीच्या बाजारतळावर कुणाची बैलगाडी कुठं सोडायची हे ते भरती-ओहोटी बघून ठरवत. सकाळी खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात ती भरती आणि उन्हं कलल्यावर घराच्या ओढीनं पांगतात ती ओहोटी. भरतीच्या वेळी कुणी रिकामी गाडी आत घातली की साहेब कासावीस होत. "बंदर तुंबतंय की हो," म्हणत.

मी तेव्हा वाशीच्या शाळेवर नवा मास्तर आणि साहेब माझे शेजारी. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात होते. बार्शीच्या रस्त्यावर मोगलाईची हद्द संपे, तिथल्या नाक्यावर त्यांची सगळी उमर गेली. राज्य गेलं, हद्द पुसली, नाका उठला आणि साहेब पेन्शन घेऊन गावी आले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. अशा रिकाम्या माणसाच्या हाती एक दिवस वर्तमानपत्र पडलं. सरकार पश्चिम किनाऱ्यावर नवं बंदर बांधतंय, अशी बातमी त्यात होती.

दुसऱ्या कुणी त्या कागदात भजी बांधून घेतली असती. साहेबांनी बातमी मनावर घेतली. "मास्तर, बंदर दगडानं बांधता येतं, पर चालवायला माणसं लागत्यात. ती ऐन वक्ताला कुठनं आणणार? त्याचा इंतजाम आत्ताच पायजे." आणि समुद्रापासून इतक्या लांब बसून तो इंतजाम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. बंदर तयार झालं की जुना जाणता माणूस म्हणून आपल्याला बोलावणं येणारच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तिथं जाऊन एखादं ठाणं सांभाळायचं, एवढी एकच हौस आता उरली होती.

झालं. बाजारतळाचं बंदर झालं आणि चिंचेखालची सावली म्हणजे धक्का. नामदेव आणि रसूल या दोन हमालांना काम कमी आणि वेळ रग्गड, तेव्हा त्यांचं खातं बनलं. नामदेवानं वेशीपर्यंत जाऊन गाडीवानाला वाट दाखवत आत आणायचं. जहाजाला वाट दाखवत बंदरात आणणाऱ्याला म्हणतात तसं साहेब त्याला पायलट म्हणत. रसूलनं पोती अशी रचायची, की आधी जाणारी वर राहतील. एकदा या खात्यानं खुद्द पाटलांची गाडी वेशीबाहेर अडवली. पाटील तापले. साहेबांनी अदबीनं सांगितलं, की जहाज कुणाचंही असो, धक्का मोकळा झाल्याशिवाय आत यायचं नाही. पाटील पुटपुटत गाडीतच पानाचा डबा उघडून बसले.

खरी पंचाईत निराळीच होती. साहेब आपला जुना खाकी कोट घालून गाडीपुढं आले, की बायाबापड्या सवयीनं माल लपवत. जकात जाऊन वर्षं लोटली होती, पण भीती काही जात नव्हती. एका म्हातारीनं तर मिरच्यांचं गठुडं कडब्याखाली सारलं, स्वतः त्यावर बसली आणि शिंकून शिंकून बेजार झाली. अख्खा बाजार हसला. मीही हसलो. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी कोट उतरवला आणि पुन्हा बाजारात कधी घातला नाही.

पुढं एका बाजारी किनाऱ्यावरच्या त्या नव्या बंदराच्या ठेकेदाराचा मुकादम खरोखरच हमाल शोधत आला. साहेबांनी त्याला सगळं बंदर फिरवून दाखवलं. सुरुवातीला तो गालातल्या गालात हसत होता. मग ऐन गर्दीत नामदेवानं गाड्या बिनबोभाट लावलेल्या बघून दोघांनाही घेतो म्हणाला. साहेब तरी उभेच. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, की तिथं कारभार बघायला कुणी लागत असेल का. मुकादम भला माणूस होता, पण खोटं बोलला नाही.

"बाबा, तुमच्या वयाच्या माणसाला तिथं काम न्हाय."

साहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, रसूलच्या पाठीवर हात ठेवला आणि मुकादमाला म्हणाले, "मग ह्याला रातपाळी देऊ नका. ह्याला अंधारात दिसत न्हाय."

निघायच्या दिवशी साहेब दोघांना मोटारीत बसवून द्यायला फाट्यावर आले. मीही सोबत होतो. त्यांच्या सूचना संपता संपत नव्हत्या. मोटार हलली तरी खिडकीशी चालत सांगत होते, "आलेल्या माणसाला आदी पानी इचारा. माल मागनं इचारा."

दोघांनी खिडकीतून वाकून हात जोडले. "येतो, साहेब."

धुरळा खाली बसला तरी साहेब तिथंच उभे. मी चला म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, नाक्यावरनं लई माणसं गेली. सुटलो म्हणून गेली. येतो म्हणून कोन गेलं न्हाय."